आपोआप फिरणारं बटण

४ सप्टेंबर

दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटतो त्या डायऱ्यांमधली एक उरलेली रुचीने आज माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "जी भीती वाटते ती इथे लिहा. माझ्या कानात नको." लग्नाला पंधरा वर्षं झाली की बायका अशा बोलायला लागतात. तर लिहितो.

मला बापूजींच्या डोळ्यांची भीती वाटते. जुलैत त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, मान हलेना आणि बोलणं पार गेलं. किती समजतं ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात. चादरींच्या दुकानात चाळीस वर्षं ज्यांच्या एका हाकेवर नोकर धावायचे, ते आता पलंगावर पडून नुसते बघतात. मी खिडकी लावायच्या निमित्ताने खोलीत जातो, पायथ्याशी उभा राहतो, ते बघतात आणि मी बाहेर येतो. मागे त्यांच्या डाव्या हाताशी पितळी घंटी ठेवली होती. ते दिवसभर वाजवायचे आणि दर वेळी मी हातातलं टाकून धावायचो. काय हवंय ते कधीच कळायचं नाही. शेवटी मी ती काढून घेतली.

आज आईने हुकूम सोडला. दुकानाच्या माळ्यावर बापूजींचा जुना रेडिओचा सेट आहे, तो आणून त्यांच्या खोलीत लाव. मी शाळेत होतो तेव्हा त्यांनी तो मुंबईहून आणला होता. जपानी, काळा, उचलताना कंबर धरते. समोर आवाजाचं मोठं बटण, त्यात लाल दिव्याची रेघ. रिमोट दाबला की आतली मोटर ते बटण हळूहळू फिरवायची आणि ते बघायला अख्खी गल्ली जमायची. आता रिमोट कुठे आणि गल्ली कुठे. पण आई म्हणते आण, तर आणतो.

७ सप्टेंबर

सेट चालू झाला! मी केला, हे आधी लिहून ठेवतो, कारण घरात कुणीच ते मोठ्याने म्हटलं नाही.

देवपूरच्या कॉलेजात मी अर्धा डिप्लोमा केला होता. उरलेला अर्धा का केला नाही, तर प्रॅक्टिकलला एकदा शॉक बसला. आज रबरी चपला घातल्या, लाकडी पाटावर बसलो, आणि सेटच्या वायरीत आधी शंभराचा बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि सेट वाचतो. बल्ब एकदा लखलखला तेव्हा मी दारापर्यंत पळालो होतो. मग तो मंद झाला आणि सेट जागा झाला.

आवाज खरखरत होता, डावा स्पीकर मधूनच जात होता. वरचं झाकण काढून आवाजाच्या बटणामागे सफाईचा स्प्रे मारला. नळी लावून थोडासा मारायचा असतो म्हणे, मी शॉकच्या धाकाने डोळे मिटून मारला, जरा जास्तच गेला. पण खरखर गेली. आकाशवाणी जळगाव लागलं आणि कुणीतरी केळीवरच्या करपा रोगाची माहिती सांगू लागलं. बापूजींनी डोळे मिटले. आईने पदर तोंडाला लावला. करप्यावर रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

१० सप्टेंबर

आईने बापूजींना जपमाळेसाठी मलमलची नवी पिशवी शिवून दिली आहे. त्यांचा डावा हात सकाळपासून तिच्यातच असतो, बोटं हलत असतात. कचरूलाल काका भेटायला आले होते. बापूजींचे चुलतभाऊ, आमच्या घराण्यात आता तेच मोठे, आणि त्यांनी एकदा म्हटलं की ते झालंच म्हणून समजायचं. ते पिशवीकडे बघून गहिवरले. "बघ श्रेयांस, शरीर गेलं पण नवकार सुटला नाही. हा माणूस आतून जागा आहे."

मी मान हलवली. मला मात्र ती बोटं हलताना बघवत नाहीत.

११ सप्टेंबर

भीतीने अक्षर कसं येतंय बघा.

दुपारी दुकानातून आलो तर बेबाबाई ओट्यावर बसलेली. बापूजींचं दिवसभराचं सगळं तीच करते. मूळची पारोळ्याकडची, घाबरली की नुसती अहिराणी बोलते. "दादा, माले भ्याव वाटस. ते बटन आपोआप फिरनं, मी मन्हा डोयाघाई देखं. आठे काहीतरी शे."

बटण आपोआप फिरलं, इथे काहीतरी आहे म्हणे! मी हसलो. घरात मालक म्हणून कुणीतरी हसावं लागतं. मग आत गेलो. भावगीत चाललं होतं. आई बापूजींचे पाय चोळत होती. मी सेटकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या देखत ती लाल रेघ सरकायला लागली. कुणी जवळ नाही, कुणाचा हात नाही. आवाज वाढला, थांबला, पुन्हा थोडा वाढला. आई म्हणाली, "बरं, दुसरा पाय." आणि दुसरा पाय चोळायला घेतला. तिला काहीच वाटलं नाही!

मी प्लग ओढून काढला. बापूजी माझ्याकडे असे काही बघत होते की मी पुन्हा खोलीत गेलो नाही.

१२ सप्टेंबर

धुळ्याला गनीभाईंना फोन केला. बापूजींचे जुने दोस्त, टेप-रेडिओच्या दुरुस्तीत उभा जन्म गेला, आणि स्वतःचं कौतुक स्वतःच करायची त्यांची जुनी सवय. धुळे जिल्ह्यात या सेटला हात लावायची हिंमत फक्त त्यांच्यात, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

"गनीभाई, त्यात काही... म्हणजे बाहेरचं काही..."

"बेटा, भूत लागायला मोटर काय चिंचेचं झाड आहे? स्प्रे मारलास ना? किती?"

मी सांगितलं.

"अर्धी बाटली? आंघोळ घातलीस बिचारीला! ऐक. सेटच्या तोंडावर एक काळी काच आहे, तो त्याचा डोळा. रिमोटचा इशारा तिथे पोचतो. खोलीत नवा एलईडी दिवा लावलाय? मग त्याच्या उजेडानेच तो डोळा फसतो. काळी पट्टी चिकटव, झोपेल गप. रिमोट कुठाय?"

"तो कधीच हरवला."

"मग तर उजेडच. शंभर टक्के."

गनीभाईंचे शंभर टक्के म्हणजे किती हे बापूजींना माहीत होतं. आता कुणाला विचारू?

१४ सप्टेंबर

काल पट्टी लावली आणि बटण थांबलं. किती हायसं वाटलं म्हणून सांगू. पण संध्याकाळी बापूजींनी डावा हात पिशवीसकट पलंगावर आपटायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, अशा रुग्णांची चिडचिड होते, गोळी द्या. गोळी दिली.

आज सकाळी बघतो तर पट्टी नाही. आईने काढली होती.

"का काढलीस?"

"ते बोलतात त्यातून."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझे बापूजी. वाढवलं की हो, कमी केलं की नाही."

इतक्या शांतपणे म्हणाली! जणू दूध उतू गेलं म्हणून सांगतेय. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. पन्नास वर्षांचा संसार, त्यात हे असं झालेलं. माणसाचं मन किती सहन करणार? मी हळूच म्हटलं, "आई, तुला जरा डॉक्टरांना दाखवू या का?" तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग जो विषय बंद केला तो केलाच.

१६ सप्टेंबर

दाराआडून ऐकलं. ऐकायला नको होतं.

आई सेटसमोर बसून बोलत होती. "अर्पितला बोलावू? नको? बरं. ऊन लागतंय? पडदा ओढू?" आणि प्रत्येक प्रश्नाला तो आवाज वरखाली होत होता. एकदा तर आई हसली. झटका आल्यापासून या घरात कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. मी पाय न वाजवता मागे सरलो.

अर्पितला फोन केला. माझा मोठा भाऊ, धुळ्याला देवपुरात असतो. तो म्हणाला, "आईला इकडे घेऊन ये, इथे मनाचे चांगले डॉक्टर आहेत. आणि तो डबा आधी बंद कर. आग लागेल एखाद्या दिवशी." आग! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता दुसरं काही येत नाही. बापूजींना पलंगावरून उठताही येत नाही, आणि पलंगाशेजारी तो आपोआप चालणारा सेट.

१८ सप्टेंबर

केलं एकदाचं. आई डोळे मिटून सामायिकला, रोजच्या ध्यानाला, बसली होती तेवढ्यात झाकण काढलं आणि मोटरकडे जाणारा दोन तारांचा छोटा प्लग उपटला. आता बटण फक्त हातानेच फिरतं. रेडिओ चालतो, आग नाही, भूत नाही. बापूजी सगळं बघत होते. प्लग निघाला तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज आला. मी म्हटलं, "झालं हं बापूजी, आता त्रास नाही."

रात्री आई माझ्याशी बोलली नाही. रुचीही जरा घुश्शातच दिसली. या घरात कुणाच्या तरी भल्याचं करून बघावं.

२१ सप्टेंबर

परवा भरवताना बापूजींनी चमचा जोरात चावला. ओठाला थोडं रक्त आलं. जीभ चावली असेल म्हणून बेबाबाईने पुसून काढलं. तेव्हापासून ते तोंड उघडत नाहीत. ती म्हणते, "चमचा लावा तं त्या तोंडच उघडतस नही. रागे भरनात का काय?" खिचडी नाही, मुगाचं पाणी नाही. ओठांवर पाणी सोडलं तर तेवढं गिळतात. आई विचारते, विनवते. ते डोळे मिटून घेतात आणि पिशवीतली बोटं हलवत राहतात.

ती सेटकडे बघते, मग माझ्याकडे. मी नजर चुकवतो.

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. मी हो म्हणालो आणि जिन्यात जाऊन बसलो.

२४ सप्टेंबर

काका आले. नळीचं ऐकून त्यांनी हात वर केला. "नळी नाही. लखीचंदने अन्न सोडलंय, तुम्हाला दिसत नाही? अखंड जप चालू, तोंड बंद. त्याला संथारा हवाय. बोलता येत नाही म्हणून असं सांगतोय."

लहानपणी मी एका आजीचा संथारा पाहिला आहे. स्वतःच्या इच्छेने, गुरूंच्या साक्षीने अन्नपाणी सोडून शांतपणे जायचं. अख्खा संघ दर्शनाला लोटला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलं तेज होतं! ते खोटं नव्हतं. म्हणूनच बापूजींना ते हवंय की नाही हे मला कळायला हवं, आणि ते मला कळत नाही. तो स्वतः मागावा लागतो. मागितलाय का त्यांनी?

अर्पित फोनवर म्हणाला, काका म्हणतात तसं असेलही. रुची म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना त्यांना." मला काय वाटतं? खरं लिहितो. काका बोलले तेव्हा एक क्षण हलकं वाटलं, की निर्णय माझ्यावर आला नाही. आणि मग त्या हलकं वाटण्याचीच एवढी भीती वाटली की जेवण गेलं नाही.

काकांनी ठरवूनही टाकलं. चातुर्मासासाठी गावात आलेल्या साध्वी, महासतीजी, रविवारी भिक्षेला, गोचरीला, आपल्या भागात आहेत. त्या मांगलिक पाठ ऐकवतील, बापूजींची इच्छा विचारतील, आणि इच्छा असली तर तिथेच पच्चक्खाण देतील. तो नियम एकदा घेतला की मग माघार नाही.

आई एवढंच म्हणाली, "आधी याला सेट नीट करायला सांगा."

काकांनी मला बाजूला घेतलं. "वहिनींना सांभाळ."

२६ सप्टेंबर

बापूजींच्या गालाची हाडं वर आली आहेत. आज मी त्यांच्याजवळ बसलो. बसलो म्हणजे टेकलो. त्यांनी पिशवीतला हात माझ्याकडे केला, मग सेटकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, जपमाळ घे म्हणतायत, निरोप घेतायत. मी बाहेर पळालो.

आईने माझ्या नकळत गनीभाईंना फोन केलाय. रविवारी सकाळी ते अर्पितच्या गाडीतून येणार आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

गनीभाई आले. बापूजींच्या कपाळावर हात ठेवला, डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर घसरले. "मोटर का तोडली? तिचा काय गुन्हा?" स्प्रेने मोटरचा क्लच घसरत होता, तो त्यांनी साफ करून बसवला. ते काम त्यांनी खरंच देखणं केलं, आणि देखणं केल्याचं सांगितलंही. मग प्लग जोडून सेट चालू केला. रेडिओ लागताक्षणी बटण फिरायला लागलं. वर, खाली, वर, खाली. आई पलंगाचा दांडा धरून उभी होती.

मी मागे सरलो. "बघा! बघितलंत?"

गनीभाईंनी एलईडी बंद केला, खिडकी लावली. बटण फिरतच होतं. त्यांनी काळ्या काचेपुढे तळवा धरला. थांबलं. तळवा काढला. फिरलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "उजेड नाही हा, बेटा. मी चुकलो. कुणीतरी रिमोट दाबतंय."

"रिमोट नाहीये!"

तेवढ्यात दारातून काकांचा आवाज आला, "महासतीजी आल्या. मेन स्विच बंद करा, लवकर." अर्पितने पॅसेजमधला स्विच खाली ओढला. साध्वीजी घरात असताना आमच्याकडे दिवा, पंखा, काहीच चालू ठेवत नाहीत. त्या विजेला अग्नीचे जीव मानतात. कुणी बटण दाबून त्या जीवांना इजा केली तर ते घर असूझतं होतं, तिथे त्या भिक्षा घेत नाहीत. हे आम्हाला कळायला लागल्यापासून माहीत. पंखा थांबला, रेडिओ मेला. गनीभाई आदबीने कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

दोन महासतीजी आत आल्या. मोठ्या सत्तरीच्या असतील, आवाज बारीक पण स्वच्छ. त्यांनी मांगलिक म्हटलं. मग वाकून विचारलं, "श्रावकजी, आपली काय इच्छा आहे? संथाऱ्याचा भाव आहे का? मान हलवा, हात जोडा, काहीही. मला कळेल."

बापूजींचे डोळे मोठे झाले. मान हलली नाही. ती हलत नाहीच.

आई म्हणाली, "लाईट लावा. ते बोलतील."

"वहिनी," काका हळूच म्हणाले. अर्पितने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला. "लाईट लावा म्हणते ना मी!" कुणी हललं नाही. सगळे तिच्याकडे मी बघत आलो तसंच बघत होते.

काका पुढे झाले. "हात जोडायचेत त्याला, एका हाताने जमत नाही." त्यांनी बापूजींचा मेलेला उजवा हात उचलून छातीवर आणला, मग डावा ओढला. तो येईना. पिशवी त्यांनी घट्ट धरली होती. काका ओढतायत आणि बापूजी सोडत नाहीत, आणि त्या झटापटीत पातळ मलमल ताणली गेली. आत माळ नव्हती. काळं, लांबट काहीतरी होतं, आणि त्यावर बापूजींचा अंगठा दाबत होता. पुन्हा पुन्हा. एवढ्या जोराने की नख पांढरं पडलं होतं. आणि डोळे बंद पडलेल्या सेटकडे.

त्यानंतरचं मी केलं असं वाटतच नाही. पॅसेजमध्ये गेलो. काकांची भीती, संघात काय म्हणतील याची भीती, आणि हसू नका, त्या स्विचचीसुद्धा भीती. हात लावला आणि वर ढकलला.

पंखा फिरला, ट्यूब फडफडली, रेडिओ एकदम बोलायला लागला. काका गरजले, "श्रेयांस! काय केलंस हे?" धाकट्या महासतीजी दोन पावलं मागे गेल्या. मोठ्या वळल्या आणि चालत बाहेर ओट्यावर गेल्या. गेल्या असंच मला वाटलं. पण उंबऱ्याच्या पलीकडे, पाठमोऱ्या, उभ्या राहिल्या. "या घरी आज गोचरी नाही," त्या म्हणाल्या. "पण विचारा त्यांना. मी आहे इथे."

मी पलंगाजवळ आलो. "बापूजी, संथारा... तुम्हाला हवा आहे?"

लाल रेघ खाली सरकली. सरकत गेली, रेडिओवरची बाई कुजबुजायला लागली आणि मग तिचा नुसता भास उरला. बटण टोकाला पोचलं तरी मोटर घरघरत होती. बापूजींनी अंगठा उचलला नव्हता.

काका म्हणाले, "मोटर बिघडलीय ती." पण फार हळू म्हणाले.

"जेवायचंय?" मी विचारलं. रेघ वर गेली, पुन्हा खाली आली, वर गेली. मला काही कळेना. तेव्हा आई पुढे झाली, तिने त्यांच्या हनुवटीला हात लावला. "तोंड दुखतंय का हो?"

आवाज असा वाढला की तावदानं थरथरली. ओट्यावरून बेबाबाई ओरडली, "अय माय!" आई रडत होती आणि मान हलवत होती, "कळलं, कळलं, कळलं."

बाहेरून महासतीजी म्हणाल्या, "श्रावकजींनी सांगितलं. आता हा विषय कुणी काढू नका." आणि रिकामी पात्री घेऊन पायऱ्या उतरल्या. काका त्यांच्या मागोमाग गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी आईला विचारलं, रिमोट कुठे मिळाला. म्हणाली, "तू माळ्यावरून सेट आणलास ना, त्याच खोक्यात, प्लॅस्टिकमध्ये. तू वायरीच बघत होतास."

"मग मला दाखवायचा ना!"

"घंटी दाखवली होती," ती म्हणाली. "काय केलंस तिचं?"

२९ सप्टेंबर

दातांचे डॉक्टर घरी येऊन गेले. मागची दाढ चमच्याने तुटली होती आणि तिचं टोक लुळ्या पडलेल्या गालात रुतलं होतं. आत मोठी जखम, पू. इतके दिवस. त्यांनी दाढ काढली तेव्हा मी डोकं धरायला उभा होतो. सेट चालू ठेवला होता. दर थोड्या वेळाने मी विचारत होतो, थांबू का, आणि रेघ खाली जायची. थांबू नका.

संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आत, बापूजींनी तीन चमचे दूध घेतलं.

२ ऑक्टोबर

दसरा. काका सोनं द्यायला आले नाहीत. संघातल्या काहींनी बोलणं सोडलंय म्हणे, महासतीजींना माझ्यामुळे दारातून गोचरीविना परतावं लागलं म्हणून. मी दुकानात मान खाली घालून बसतो. भीती गेलेली नाही. रुचीला वाटतं गेली, पण ती गेलेली नाही.

बापूजी मऊ भात खातात. दिवसभर आई त्यांना काहीबाही विचारत असते. रुची विचारते, बेबाबाई विचारते, "बाबास्ले बठ्ठं समजस," बाबांना सगळं कळतं, असं गल्लीभर सांगते. कोणता शर्ट, पंखा कमी करू का, अर्पितला फोन लावू का. मी मात्र कामाचंच विचारत होतो. औषध घेतलं का, पडदा ओढू का. विचारायचं आणि निघायचं.

आज घरातले सगळे जण सोनं द्यायला शेजारी गेले होते. मी खोलीत गेलो. पायथ्याशी उभा न राहता खुर्ची ओढून उशाशी बसलो. ते बघत होते. रेडिओवर हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मग मी म्हटलं, "बापूजी, मला फार भीती वाटते. तुम्ही पडलात त्या दिवसापासून. तुमच्याकडे बघायचीसुद्धा." ते बघत राहिले. मी विचारलं, "तुम्हाला वाटते का हो भीती?"

पिशवीत अंगठा हलला. रेघ सरकायला लागली. मला वाटलं थोडी जाईल आणि थांबेल. ती थांबली नाही. आवाज वाढत गेला, शब्द कळेनासे झाले, टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरायला लागला, बटण टोकाला जाऊन अडलं आणि मोटर तरी घरघरत राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारून कुणीतरी हाक मारली, "अहो, आवाज!"

मी उठून तो कमी केला नाही. त्यांचा उजवा हात, जो मी जुलैपासून हातात घेतला नव्हता, तो दोन्ही हातांत धरला आणि तसाच बसून राहिलो.